आहेराची भांडी आणि बाळाचे दूध

रत्नागिरीहून आरे-वारेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे निघालेला प्रवासी समुद्राची सोबत फारशी न सोडता सुमारे पंचवीस किलोमीटरांवर गणपतीपुळ्यास पोहोचतो. समोर पांढरी पुळण, पश्चिमेकडे तोंड करून बसलेला स्वयंभू गणपती आणि त्याच्या पाठीशी हिरवी टेकडी. येथे देवळाभोवती चार पावले फिरून प्रदक्षिणा होत नाही. टेकडी हेच देवाचे रूप, म्हणून सबंध टेकडीला फेरी घालावयाची. ती फेरी पुरी करून माणूस बाहेर येतो तो दुकानांच्या रांगेपाशी थबकतो. घरी कोणासाठी काय न्यावे? आईसाठी कुंकवाचा करंडा, शेजारणीसाठी आंबापोळी आणि आमसुले, भाचीच्या बाळासाठी लाकडी खुळखुळा किंवा रंगीत बैलगाडी, नव्या सुनेसाठी तांब्याचा गडू किंवा पितळेचे पातेले. क्षेत्राहून रिकाम्या हाताने परतू नये, ही आपली जुनी रीत आहे.

व्याख्यानास विषय म्हणून हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. घरी काय न्यावे, यात इतिहास तो कसला? परंतु राजांच्या स्वाऱ्या आणि तहांची कलमे जितकी इतिहासाची, तितकीच माजघरातील भांडीही इतिहासाची होत. आपल्या घरात कोणती वस्तू कोणत्या वाटेने आली, तिने कोणाचे काय केले, आणि ती निरुपद्रवी आहे की घातक हे आपल्याला केव्हा कळले, याची कथा आपणांस थोडक्यात सांगावी असा आमचा मानस आहे.

गणपतीपुळ्याचाच एक दाखला प्रथम घेऊ. सबंध कोकणात भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघर गणपती येतो. मुंबईचा चाकरमानी त्यासाठी रजा काढून गावी धावतो. पण खुद्द पुळ्यात घरोघर स्वतंत्र मूर्ती आणण्याची चाल नाही. टेकडीच्या पोटातला स्वयंभू गणपती तोच घरचा गणपती, अशी गावाची श्रद्धा. या चालीचा उगम भक्तीत आहे. तिला आरोग्याचा नियम म्हणून सजवून दाखवण्याची आमची इच्छा नाही. आमचे लक्ष वेधून घेतले ते एवढ्याच गोष्टीने, की उंबऱ्याच्या आत काय यावे आणि काय येऊ नये हे एक गाव परंपरेने ठरवू शकते आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळू शकते. बाजारात जे जे मिळते ते ते घरात आलेच पाहिजे, असा काही सृष्टीचा नियम नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. विष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कुपी येते, वैरी येतो, नाटकातला कपटी प्रधान येतो. घरातील विषांचा खरा इतिहास पाहिला तर ती अशी चोरपावलांनी आलेली नाहीत. ती वाजतगाजत आली, मानाने आली, पुष्कळदा हळदीकुंकू लावून आली. शेंदूर आला तो देवाच्या नावाने. भांडे आले ते माहेरच्या मायेने. खेळणे आले ते मामाच्या कौतुकाने. म्हणूनच त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही.

शेंदराचे उदाहरण सर्वांत सोपे आहे. गणपती आणि मारुती या दोन देवांना शेंदूर प्रिय. वाटेवरच्या दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो. पण शेंदूर म्हणजे काय? शिसे वितळवून हवेत भाजत राहिले म्हणजे प्रथम पिवळसर मुरदाडशिंग होते. तेच बेताच्या आचेवर आणखी भाजत राहिले की नारिंगी-तांबडा शेंदूर तयार होतो. म्हणजे पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच एक रूप आहे. शिसे वाईट ही गोष्ट जगाला नवी नव्हती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअस याने पाण्यासाठी शिशाच्या नळांपेक्षा मातीचे नळ बरे, असे लिहून ठेवले आणि शिशाचे काम करणाऱ्या कारागिरांच्या फिकट पडलेल्या अंगकांतीकडे बोट दाखवले. जाणत्यांना माहीत होते. घरातल्या माणसांपर्यंत मात्र ते पोहोचले नाही.

आपल्या पूर्वजांनी देवाचा शेंदूर आणि कपाळाचे कुंकू या दोन वस्तू वेगळ्या ठेवल्या होत्या, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कुंकू हे हळकुंडाचे. हळकुंडे टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवावीत, वाळवावीत, कुटावीत, म्हणजे लाल कुंकू होते. पुढे बाजाराने हा भेद पुसून टाकला. तांबडी पूड ती तांबडी पूड, अशी गल्लत झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत सिंदुराचे ११८ नमुने तपासले. त्यांपैकी काही न्यू जर्सीतील दुकानांतून, तर काही मुंबई आणि दिल्ली येथून घेतले होते. दहांपैकी सुमारे आठ नमुन्यांत शिसे आढळले. कोरडी पूड कातडीतून फारशी आत शिरत नाही, हे खरे. पण पूड बोटांना लागते, बोटे बाळाच्या गालाला लागतात आणि बाळाची मूठ तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठा माणूस जेवढे शोषतो त्याच्या चार-पाचपट लहान मूल शोषते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि एकदा झालेली हानी भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे जागतिक आरोग्य संघटना आज कोणत्याच आकड्याबद्दल म्हणत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हळद तर शुद्ध ना? हळद शुद्धच, तिचा व्यापार तसाच शुद्ध असेल असे मात्र नाही. हळकुंडे झळझळीत दिसावीत म्हणून त्यांना शिशाचा पिवळा रंग चोळण्याचा प्रकार बांगलादेशात उघडकीस आला. २०१९ साली तेथील बाजारांतल्या नमुन्यांपैकी ४७ टक्के नमुन्यांत हे शिसे सापडले. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांना सावध केले, आणि २०२१ साली हेच प्रमाण शून्यावर आले. मनावर घेतले तर दोन वर्षांत काय होते, याचा हा नमुना आहे.

परंतु आमच्या कथेचा गाभा भांड्यांत आहे. ती कथा कोकणात सुरू होते आणि पुण्यात पुरी होते.

पेशवाईत कोकणातून घाटावर जी कुटुंबे गेली त्यांत तांबटही होते. पुण्याच्या कसबा पेठेत त्यांनी वस्ती केली. तांबट आळी हे नाव आजही तेथे आहे, आणि तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीचा ठोकाही अजून ऐकू येतो. या कारागिरांनी आणि कासारांनी महाराष्ट्राची घरे भांड्यांनी भरली. हंडे, कळश्या, घंगाळी, पातेली, तपेली, तांबे, वाट्या. लग्नात रुखवतावर मांडलेली भांडी हा मुलीच्या बापाचा मान होता. लेकीच्या संसारात काही उणे पडू नये म्हणून ऋण काढूनही तो पितळेची भांडी देई. भांड्यावर नाव घालण्याची पद्धत होती. भांडे मोडीत घातले तरी किंमत येई. थोडक्यात, पितळ हे बाईचे धन होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. त्याला आंबट लागले की ते झिजते, हिरवट कळंक धरते. आपल्या भाषेत त्याला अचूक शब्द आहे, ताक कळकले. आज हा शब्द कानावर पडत नाही, कारण त्यामागचा अनुभवच गेला. आमच्या आजीच्या पिढीतील कोणतीही बाई आमटी, ताक, कोकमाचे सार उघड्या पितळेत ठेवीत नसे. दही मडक्यात किंवा दगडीत, लोणचे चिनी मातीच्या बरणीत आणि स्वयंपाकाच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई, असा हिशेब होता. शाळेत न गेलेल्या बायकांना रसायनशास्त्राचा हा धडा जिभेच्या चवीने कळला होता.

कल्हईवाल्याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे अजून आहे. गावातल्या झाडाखाली जमिनीत लहानसा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडे तापले की तो त्यात नवसागर टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि त्याचा उग्र वास नाकात शिरे. मग कथलाची कांडी टेकवावयाची, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवावयाचे, आणि भांडे पाण्यात बुडवावयाचे. चर्र असा आवाज होई आणि काळेपिवळे भांडे आतून चांदीसारखे होऊन वर येई. आम्ही मुले ही जादू पाहावयास तासन्‌तास उभी राहत असू. तिचे मर्म एवढेच, की पितळ आणि अन्न यांच्यामध्ये कथलाचा एक पातळ पडदा उभा राहिला.

पडदा पातळ होता आणि कल्हई हे एकदा करून संपणारे काम नव्हे. भांडे राखेने, चिंचेने घासावयाचे. जितके घासावे तितके कथील झिजते. आतून पिवळे डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई हवी. त्यासाठी पैसा हवा, कल्हईवाला वेळेवर गावात आला पाहिजे, आणि घरातील कोणी तरी लक्ष ठेवले पाहिजे. यांपैकी एक दुवा तुटला तरी भांडे तेच राहते, नाव तेच राहते, मान तोच राहतो. फक्त पडदा गेलेला असतो.

आंबट पदार्थ निदान कळकून सूचना देई. दूध सूचना देत नाही. येथेच घात झाला.

आपल्या देशात लहान मुलांचा यकृताचा एक भयंकर रोग होता. १८८७ साली कलकत्त्याहून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो देशाच्या अनेक भागांत, महाराष्ट्रातही, घरे रिकामी करीत राहिला. सहा महिन्यांचे, वर्षाचे, दोन वर्षांचे चांगले बाळसेदार मूल चिडचिडे होई, पोट फुगे. डॉक्टरांच्या हाताला यकृत दगडासारखे कठीण लागे. मग कावीळ, जलोदर, आणि बहुधा काही महिन्यांत अंत. एकाच आईची एकामागून एक मुले अशी जात, म्हणून लोक त्याला शाप म्हणत, कोणी दृष्ट म्हणत, डॉक्टर आनुवंशिक दोष म्हणत. ज्या आईची दोन मुले गेली तिच्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ आणि इंग्लंडमधील यकृतरोगांचे अभ्यासक डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या रोगाचा पाठपुरावा केला. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते, हे तोवर दिसून आले होते. तांबे शरीराला थोडे लागते, पण इतके तांबे आले कोठून? संशोधकांनी मग रोग्याच्या खाटेवरून नजर उचलली आणि ती त्याच्या घरच्या चुलीकडे वळवली. बाळाला काय पाजता, केव्हापासून पाजता, दूध कशात तापवता, कशात ठेवता? उत्तरांतून एकच चित्र उभे राहिले. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी किंवा त्याच्या जोडीला गाईम्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले आणि ठेवले जात होते. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यामागचे कारणही नंतर उलगडले. पितळेत ठेवलेल्या साध्या पाण्यात तांबे अल्प उतरते. पण दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. दूध तापवत जावे, ठेवत जावे, तसतसे तांबे त्यात साठत जाते. रंग बदलत नाही, चव बदलत नाही. तेच दूध बोंडल्यात भरून आजी मांडीवरच्या नातवाला घोट घोट पाजते. मोठ्या माणसाचे यकृत असला भार बाहेर टाकू शकते. तान्ह्या मुलाचे यकृत ते काम अजून शिकत असते. सर्वच मुले आजारी पडली नाहीत, तेव्हा काही मुलांच्या अंगी जन्मतः असलेला दुबळेपणाही यात मिसळत असावा. पण त्या दुबळेपणाला मारक केले ते भांड्याने.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भके अगदी अशाच यकृतरोगाने दगावली. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवून मुलांना देत. आल्प्सच्या डोंगरातील शेतकरीण आणि आपल्या देशावरची कुणबीण यांनी एकमेकींचे नावही ऐकले नव्हते. पण दोघींच्या पाळण्यावर एकच संकट आले, आणि भांडी बदलल्यावर दोन्हीकडून ते गेले.

पुण्याच्या डॉक्टरांनी पुढचे पाऊलही उचलले. शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध वेळेवर दिले तर काही मुले वाचतात, हे त्यांनी दाखवले. पण खरे औषध त्याहून स्वस्त होते. बाळाला आईचे दूध पाजा, वरचे दूध द्यावे लागलेच तर ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवू नका, स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे, ज्याला आपल्याकडे 'जर्मन'चे म्हणतात ते भांडे वापरा, एवढाच उपदेश. ज्या घरांनी तो ऐकला त्यांच्या पुढच्या मुलांना रोगाने सोडले. इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली बनवलेले न गंजणारे पोलाद तोवर भारतातील घराघरांत स्टीलची भांडी होऊन आलेच होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग इतका विरळा झाला की आजच्या तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी त्याचा एकही रोगी पाहिलेला नसेल.

या कथेत दोषी कोण? आई नव्हे, तिने घरात जे होते त्यात दूध तापवले. माहेर नव्हे, त्याने आपल्याला परवडले त्यातले उत्तम दिले. तांबटही नव्हे, त्याने भांडे घडवले, बाळाचे दूध त्यात तापवा असे काही सांगितले नाही. दोष असेल तर तो एका समजुतीचा आहे. जे मंगल ते निर्धोक, जे महाग ते चांगले, जे जुने ते शुद्ध, ही ती समजूत होय.

ही समजूत आज पुन्हा डोके वर काढीत आहे, म्हणून आम्ही हा विषय निवडला. गेल्या काही वर्षांत पितळ आणि तांबे मोठ्या डौलाने परत आले आहेत. वास्तुशांतीला तांब्याच्या बाटल्या, लग्नात पितळेच्या कढया, बारशाला पितळेची वाटी. आरोग्यदायी म्हणून ती दिली जातात. देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु जी पिढी पितळ घेऊन येते ती कल्हई विसरून येते. तांब्याच्या पेल्यात थंडगार कोकम सरबत देणारी हौस आम्ही पाहिली, तेव्हा आम्हांला आजीचा 'कळकले' हा शब्द आठवला. आणि कल्हई करावयाचीच तर कथील निर्भेळ आहे की त्यात स्वस्त शिसे मिसळले आहे, हेही विचारले पाहिजे. नाही तर तांबे टाळण्यासाठी शिसे पत्करल्यासारखे व्हावयाचे.

आता मामाच्या कौतुकाकडे, म्हणजे खेळण्याकडे येऊ. १९८१ साली रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, तोवर सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तेथील चितारी मंडळींची लाकडी फळे, बैलगाड्या, पाट आणि गंजिफा यांनी सबंध कोकणाचे बालपण रंगवले. लाकूड बाळाच्या तोंडात गेले तरी काही बिघडत नाही. प्रश्न असतो तो लाकडावरील रंगाचा. पूर्वी वनस्पतींचे नि खनिजांचे रंग आणि वरून लाखेचा हात. पुढे तयार रंगांचे डबे आले, आणि जगभर अशा डब्यांतील रंगांत शिसे घालण्याचा प्रघात होता. त्याने रंग झाकतो चांगला, लवकर वाळतो, उन्हापावसात टिकतो.

त्याचा धोका प्रथम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरी ओळखला गेला. तेथील डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन याने १९०४ साली लिहिले, की मुलांना होणारी विषबाधा घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगातून होते. ऊन लागून रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना लागते, बोटे तोंडात जातात. १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा, म्हणजे पांढरे शिसे, वापरण्यावर निर्बंध घालणारा करार केला. १९२२ साली त्या प्रांताने मुलांच्या हाताशी येणाऱ्या ठिकाणी असा रंग देण्यास बंदी केली. आपल्या देशात घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. गिब्सनच्या लेखापासून मोजले तर मध्ये ११३ वर्षे गेली. ज्ञान जन्मते एका ठिकाणी, आणि आपल्या उंबऱ्यापर्यंत यावयास त्याला एक शतक लागते. त्या शतकात किती मुलांनी खिडक्यांचे गज चाटले असतील!

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक झाले. मात्र नोंदणीकृत हस्तकारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ही सूट योग्यच होय. गरीब चिताऱ्याने प्रयोगशाळेचा खर्च कोठून करावा? पण त्यामुळे गणपतीपुळ्याच्या दुकानात जो लाकडी बैल आपण उचलतो त्याच्यावर चिन्ह असेलच असे नाही. तेथे राजमुद्रेची जागा आपल्या जिभेने घ्यावयाची आहे. रंग कोणता लावलात, शिसे नसलेला आहे ना, ओल्या फडक्याने पुसला तर सुटतो का, एवढे विचारावे. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही. विचारणारे गिऱ्हाईक भेटले म्हणजे तोही चांगला रंग मागवतो.

मूर्तीबद्दलही हेच. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून मातीची माती होते. तिची जागा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने घेतली. ते हलके, स्वस्त, साच्यातून झटपट निघणारे; पण पाण्यात दीर्घकाळ न विरघळणारे. त्यावरचे रंग पाण्यात उतरले ते वेगळेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाबाबत सूचना काढल्या आणि २०२० साली त्या अधिक कडक केल्या. पुळ्यातल्या घरांपुढे हा प्रश्न उभाच राहिला नाही. आपण सर्वांनी पुळेकरांसारखे वागावे असे नव्हे. आपल्या घरी गणपती अवश्य यावा, पण तो कशाचा आहे हे ठाऊक असून यावा.

या सर्व इतिहासातून आम्ही काय घ्यावे? जुने टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. कल्हई जुनीच होती आणि ती शहाणपणाची होती. नवे तेवढे चांगले, असेही नव्हे. शिशाचा रंग एके काळी नवाच होता. आम्हांला वाटते, कोणतीही वस्तू उंबऱ्याच्या आत घेण्यापूर्वी तिला तीन गोष्टी विचाराव्यात. तू कशाची आहेस? तुझ्याशी काय काय लागणार, दूध की पाणी, आंबट की कोरडे? आणि घरातले सर्वांत लहान माणूस तुला तोंडात घालणार आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर तांब्याचा गडू पाण्यासाठी निश्चिंतपणे घ्यावा, समई देवापुढे लावावी, लाकडी बैल बाळाच्या हाती द्यावा, आंबापोळी तर केव्हाही घ्यावी. उत्तरे न मिळाली तर ती वस्तू दुकानातच राहू द्यावी.

आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर आजीचे नाव घातलेले एखादे पितळी पातेले असेल. ते मोडीत घालू नका. खाली काढा, आत पाहा. पिवळे दिसत असेल तर कल्हईवाल्याचा पत्ता शोधा. नच मिळाला तर त्यात तांदूळ भरून ठेवा. सुनेच्या हाती ते देताना मात्र सोबत हीही गोष्ट सांगा, की यात बाळाचे दूध तापवावयाचे नाही. भांडे आपण देतोच. त्याच्याबरोबर देण्याची ही माहिती मध्यंतरी आपल्याकडून राहून गेली होती.